अण्णांचा अंगठा

आमच्या घराण्यात नाच कुणालाच येत नाही. गणपतीच्या मिरवणुकीतसुद्धा आम्ही मंडळी इतरांच्या चपला सांभाळतो. त्यामुळे माझ्या सर्वांत आवडत्या रॉक अल्बमवर माणसाला बसल्याजागी नाचावंसं वाटतं, असं मी सांगू लागलो की सौभाग्यवती पदर तोंडाला लावते.

अल्बमचं नाव 'द गेम'. क्वीन नावाच्या लंडनच्या चौकडीने तो १९८० साली काढला आणि विलायतेत नि अमेरिकेत, दोन्हीकडे तो पहिल्या नंबरावर जाऊन बसला. मला तो मस्कतहून आलेल्या मावसभावाने कॅसेटच्या रूपाने दिला. (सेंटची बाटली थोरल्या भावाने आधीच लांबवली होती, म्हणून माझ्या वाट्याला संगीत आलं.) पहिल्या बाजूचं तिसरं गाणं, 'अनदर वन बाइट्स द डस्ट', पुन्हापुन्हा ऐकायला सेल वाचवावेत म्हणून मी कॅसेट पेन्सिलीने उलटी फिरवत असे. त्या वर्षी पेन्सिलीचा एवढाच उपयोग झाला, असं निकाल बघून अण्णा म्हणाले.

गाणं जॉन डीकनचं. हा बेस गिटारवाला. तीन ठाम ठोके, जरा विसावा, मग एक छोटीशी गिरकी. मागचा ड्रम इतका कोरडा, की वाटावं चाळीत कुणी धुणं बडवतंय. आणि त्यावर फ्रेडी मर्क्युरीचा आवाज! आधी दबा धरून, मग एकदम छपरावर. हाच माणूस त्याच कॅसेटवर 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' एल्व्हिस प्रेस्लीच्या ढंगात म्हणतो आणि शेवटच्या 'सेव्ह मी'त असा काही आळवतो की भाषा कळली नाही तरी चालतं.

अण्णांचं दैवत बालगंधर्व. "बंद कर तो धुडगूस," हे ते रोज म्हणत. पण एका रविवारी मी पाहिलं, वर्तमानपत्राआड अण्णा बसलेले आणि खाली त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा ठेका धरतोय. मी बघतोय हे लक्षात येताच अंगठा थांबला. "शब्द कळत नाहीत," ते म्हणाले, "पण गळा तयार आहे हो. कुठला हा?"

"इंग्लंडचा," मी ठोकून दिलं.

ते चूक होतं. हा मूळचा फारुख बल्सारा, झांझिबारला जन्मलेल्या पारशी घरातला. आठव्या वर्षी शिकायला आला तो आपल्या पाचगणीला! तिथे पोरांच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. आम्ही जन्मभर पाचगणीला स्ट्रॉबेरी खाऊन परत आलो. मला हे कळलं ते तो १९९१ साली वारला तेव्हा. अण्णांना सांगायचं राहून गेलं. १९८६ च्या थंडीत, पहाटे, ते अंथरुणावरच गेले. आम्ही तळव्यांना सुंठ चोळली, पंख्याने वारा घातला, डॉक्टरला आणायला भाऊ सायकलवरून पळाला. छाती दाबायची असते, हे घरात कुणाला ठाऊकच नव्हतं.

ते मला गेल्या वर्षी कळलं, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. एक तरुण डॉक्टरीणबाई प्लॅस्टिकचं धड घेऊन आल्या होत्या. मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं, पाच सेंटिमीटर खोल. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी भजनी ठेका धरला. पेशंट तिथेच गेला. मग माझी पाळी. गुडघे कुरकुरले, हात ठेवले, आणि कुठूनसे ते तीन ठोके आले.

"परफेक्ट, काका! मिनिटाला ११०! कुठलं गाणं म्हणताय मनात?"

मी नाव सांगितलं. बाई हसू लागल्या. काकांनी अर्थ विचारला.

"म्हणजे... आणखी एक धुळीला मिळाला."

हॉलमध्ये शांतता पसरली. "चाल अगदी बरोबर आहे," बाई सावरत म्हणाल्या, "फक्त पेशंटचे नातेवाईक असतील तर मोठ्याने म्हणू नका."

मी मनातच म्हणत दाबत राहिलो. ही सांगते, बाई तीनदा "पुरे" म्हणाल्या, तरी मी ऐकेना. घरी येताना तिने विचारलं, "थांबत का नव्हतात?"

"गाणं साडेतीन मिनिटांचं आहे," मी म्हटलं.