केलाँगच्या वाटेवरून परत

२०२५ च्या जानेवारीत आमच्या कार्यालयातील चार कुटुंबांनी रजा प्रवास सवलतीतून हिमाचलची सहल काढली. रेल्वेने चंदीगड, तेथून रात्रभर बसने मनाली. लहानथोर मिळून आम्ही चौदा जण, त्यात एक सत्तरीची आई. लाहौल खोऱ्यात केलाँगला जावे, भागा नदीपलीकडची कारदंग गोम्पा पाहावी, तिकडची बौद्ध वस्ती मुलांना दाखवावी, एवढीच इच्छा होती.

मनालीत पोहोचलो त्या सकाळी बर्फ पडत होता. बर्फ कसला, कापूस पिंजताना उडावा तशी भुरभुर! स्वेटरवर पडे नि विरून जाई. मुले तोंडे उघडून उभी. हवामान खात्याचा अंदाज मोबाईलवर होताच: आज हलका हिमवर्षाव, पिवळा इशारा, परवापासून उंच भागात वादळी वारे व जोरदार हिमवृष्टीची शक्यता, नारिंगी इशारा. आम्ही पडलो हिशोबी माणसे. आज जाऊ, उद्या परतू, वादळ परवा. जमाखर्च जुळला.

गाडीवाल्याने तो ताळेबंद मोडला. म्हणाला, "साहेब, भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तान ओलांडून येणारी ही हवा काय तिकीट काढून येते? अर्धा दिवस आधीही येईल." त्याला भीती होती ती या भुरभुरीचीच. दुपारी ती वितळते आणि रात्री सडकेवर काच होऊन बसते. चाकाला साखळी नसेल तर ब्रेक लावूनही गाडी घसरतच राहते. पूर्वी ३,९७८ मीटर उंचीचा रोहतांग बर्फाखाली गेला की लाहौल कित्येक महिने तुटून पडे. ऑक्टोबर २०२० मध्ये ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला नि ते हाल पुष्कळ सरले. पण बर्फ बोगद्याच्या आत नसतो, अलीकडे-पलीकडे असतो. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते बोगदा या टप्प्यात शेकडो वाहने अडकली होती.

आमच्यात वाद झाला. एवढा खर्च करून आलो, आगाऊ पैसे दिले, पुन्हा कधी रजा मिळणार? खरे सांगायचे तर सर्वांत मोठा आवाज आमचाच होता. शेवटी आईच बोलल्या, "विहार काय पळून जातंय व्हय? लेकरं सांभाळा आधी." गाडीवाल्याने निम्मे पैसे न मागता परत केले. त्याचाही दिवस बुडालाच होता.

दुसऱ्या दिवशी सोलंगपुढे फक्त चारही चाकांना जोर असलेल्या गाड्या सोडत होते. आमची तशी नव्हती.

परतीच्या गाडीत नाशिकच्या अलीकडे पहाटे खिडक्या लावून घ्याव्या लागल्या. तिकडचा झंझावात पुढे सरकला की उत्तरेचे कोरडे वारे इकडे उतरतात. निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात त्या याच गारठ्यापायी. मुलांना हे सांगितले, पण ती झोपेत होती.

कार्यालयात सवलतीचे बिल भरताना 'केलाँग' खोडून 'मनाली' लिहिले आणि शेजारी सही केली.