पाण्यावरचं झाकण

मोहन्याचा पोरगा गोठलेल्या तळ्यावर लेख लिहितोय म्हटल्यावर हसू येणारच! आमच्याकडे बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा, नाहीतर मासळी बाजारातला. पण आमच्या उल्हास नदीवर जलपर्णी माजते, तेव्हा काठावरून बघणाऱ्याला ते हिरवंगार मैदानच वाटतं. म्हणून मोठी माणसं पोरांना बजावतात, "हिरवं दिसलं म्हणून पाय टाकू नको, खाली नदी आहे."

बर्फाचंही तसंच. हा विषय आपल्यापासून लांबचा नाही, कारण दर वर्षी हॉस्टेलमधली कितीतरी मंडळी एम.एस.साठी थंड प्रदेशात जातात. २६ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या वुड्स कॅन्यन लेकवर बर्फ फुटून भारतीय वंशाच्या तिघांचा जीव गेला. हिवाळा नुकताच सुरू झाला होता.

सुरुवातीचाच बर्फ दगा का देतो? पाणी ४ अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं, हे आपण बारावीत पाठ केलंय. तळं ४ अंशांपर्यंत थंड झालं की त्याहून गार पाणी वरच राहतं आणि तिथेच गोठतं. उथळ काठ आधी गोठतो, खोल मधला भाग मागाहून. म्हणजे काठावर पाय आपटून "पक्का आहे रे" म्हणणारा फक्त काठच तपासत असतो! झरा किंवा ओढा येऊन मिळतो तिथे बर्फ पातळच असतो. वर भुरभुरीत हिम साचलं तर ते गोधडीसारखं काम करतं, खालचा बर्फ लवकर जाड होत नाही.

एका माणसाला चालायला निदान ४ इंच जाडीचा, स्वच्छ, पारदर्शक बर्फ लागतो. पांढरट बर्फात हवेचे बुडबुडे असतात, त्याची ताकद साधारण निम्मी धरतात. शिवाय बर्फ किती भार पेलेल हे साधारण जाडीच्या वर्गावर ठरतं. जाडी निम्मी झाली की ताकद पाव! म्हणून थोड्या थोड्या अंतरावर भोक पाडून जाडी मोजतात, अंदाजपंचे दाहोदरसे चालत नाही.

आणि पडलोच तर? कॅनडाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्त यांनी १-१०-१ हे सूत्र सांगितलंय. पहिलं १ मिनिट धाप लागते, तेव्हा फक्त तोंड पाण्याबाहेर ठेवून श्वास आवरायचा. पुढची १० मिनिटं हातपाय चालतात, सुटका तेवढ्यातच. शुद्ध हरपायला साधारण १ तास लागतो. ज्या बाजूने आलो तिकडेच वळायचं, कारण तिथल्या बर्फाने आपलं वजन पेललेलं असतं. कोपरं बर्फावर टेकवून, पाय पोहल्यासारखे मारत पोटावर सरकत वर यायचं. वर आल्यावर उभं राहायचं नाही, लोळत लांब जायचं. काठावरच्या मित्रांनी धावत जवळ जायचं नाही. आधी मदतीला फोन, मग दोर, काठी, मफलर, जे असेल ते लांबूनच टाकायचं. जवळ गेलेला दुसरा माणूसही आत जातो, हे पक्कं लक्षात ठेवा.

खरं सांगू का? हे सगळं गणित दोन मिनिटांत समजतं. अवघड असतो तो ग्रुप. "चल ना, तिकडे बघ लोक चालतायत, एकच फोटो!" असं चौघांनी म्हटलं की पाचव्याची जीभ उचलत नाही. पण दुसऱ्याच्या पावलांचे ठसे म्हणजे टेस्ट रिपोर्ट नव्हे. ते कालचे असतील, त्यानंतर ऊन पडलं असेल. तेव्हा परदेशातल्या पहिल्या हिवाळ्यात मजा जरूर करा, पण आधी तिथल्या जुन्या माणसांना विचारा. जाडी माहीत नसेल तर फोटो काठावरूनच काढा आणि ग्रुपमध्ये "नको" म्हणणारा पहिला माणूस तुम्ही व्हा. चार दिवस 'फट्टू' म्हणून चिडवतील, चिडवू देत. चिडवायला सगळे शिल्लक राहतील, हे काय कमी आहे?