काठावरचे हात

नेवासे तालुक्यातल्या एका गावी, हंगामाच्या सणाला, मी पहिल्यांदा मंडळीपुढं मदत मागायला उभा राहिलो. त्याला आता चौदा वर्षं होतील. उपासना संपली होती. पुढं ज्वारीची कणसं, भोपळे, कांद्याच्या दोन गोण्या, गुळाची ढेप आणि पाय बांधलेल्या कोंबड्या मांडून ठेवलेल्या. पाळकसाहेबांनी लिलाव पुकारायला घेतला.

एका आजीनं पदराच्या टोकात गुंडाळून एकच अंडं आणलं होतं. त्यांनी ते उंच धरलं. दहा, वीस, पन्नास. ज्यानं घेतलं त्यानं पैसे मोजले आणि अंडं परत टेबलावर ठेवलं. पुन्हा बोली. दुसऱ्यानंही तेच केलं. पाच वेळा विकून झाल्यावर त्या अंड्याचे सहाशे चाळीस रुपये झाले आणि पंच कमिटीनं ते सगळे माझ्या हातावर ठेवले. मेळघाटात कोरकू मुलांसाठी वसतिगृह चालवायला आम्ही दोघं नवरा-बायको निघालो होतो. खर्चाचा हिशेब मी चार पानं भरून लिहून नेला होता. तो वाचायची वेळच आली नाही. बाहेर चपला घालताना आजी जवळ आली. म्हणाली, "माझं अंडं निघालं बघ लेकरा तुझ्यासंगं. नीट ने."

आमच्या संस्थेत पगार नसतो. ज्याला जायचं त्यानं आपले देणारे आपणच जोडायचे. कुणी महिन्याला पाचशे कबूल करतं, कुणी पन्नास, कुणी "प्रार्थना करीन" म्हणतं आणि खरंच करतं. आम्ही अकरा महिने मंडळ्या फिरलो. रविवारी पहाटे मोटारसायकल काढायची. दानार्पणानंतर, सूचना वाचून झाल्या की पाच मिनिटं मिळायची. त्या पाच मिनिटांत धारणीचे डोंगर, पावसाळ्यात तुटणारा रस्ता, आईला कोरकूशिवाय दुसरी भाषा येत नाही म्हणून शाळेत मुकं बसणारं पोर, हे सगळं सांगायचं. कोरकू मुंडा कुळातली भाषा. मराठीशी तिचं नातं नाही. त्या पोराची अडचण मंडळीतल्या बायकांना सगळ्यांत आधी कळायची.

हात पसरू नये, असं आईनं शिकवलेलं. ते मनातून जायला वेळ लागला. पण याच मातीत माधुकरीवर शिकलेली माणसं झाली, इथंच जोगवा मागणाऱ्या बाईला कुणी दारातून रिकामं लावत नसे. मागणाऱ्याला लाज वाटावी असं आपल्याकडं फार जुनं काही नाही. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' उभा केला, तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते. घरसंसार असलेला माणूस नियमित पगार सोडतो म्हणजे काय करतो, ते मला या अकरा महिन्यांत समजलं.

पंडिता रमाबाई तर माझ्या मनात कायम असत. १८८६ साली त्या अमेरिकेत गेल्या, गावोगाव बोलल्या, 'द हाय कास्ट हिंदू वुमन' लिहिलं. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली; तिनं दहा वर्षं मदत देण्याचं कबूल केलं. त्या वचनावर मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. दहा वर्षं सरत आली तेव्हा दुष्काळ होता आणि मध्य प्रांतातून आणलेल्या उपाशी मुली केडगावात होत्या. मुदत संपत आलेली आणि पानावर बसणारी तोंडं वाढत चाललेली. त्या वेळी रमाबाईंनी रात्री जागून हिशेब केले असतील का, हा विचार मी बऱ्याचदा करतो. माझ्या पानावर अठ्ठावीस मुलं असतात, आणि महिन्याच्या वीस तारखेला तांदळाच्या कोठीत हात घातला की तळ लागतो.

वाईट दिवसांबद्दलही लिहायला हवं. शहरातली एक मोठी मंडळी आम्हाला सहा वर्षं निम्मा खर्च देत होती. निवडणुकीनंतर नवी कमिटी आली आणि पैसे थांबले. पत्र नाही, फोन नाही. मी तीन पत्रं लिहिली. मग स्वतः गेलो. व्हरांड्यात दोन तास बसवून "पुढच्या बैठकीत घेऊ" असं सांगितलं. पैशाचं मी निभावलं. पण सहा वर्षं ज्यांनी आमच्या मुलांची नावं उपासनेत घेतली, त्यांना एका ओळीचा निरोप द्यावासा वाटू नये, याचं दुःख मला आजही आहे.

आणि २०२० सालची एक रात्र. टाळेबंदीत चर्चची दारं बंद, दानपात्र फिरायचं बंद. आमचे देणारे म्हणजे रिक्षावाले, शिंपी, नर्सा, हॉटेलात भांडी घासणारी पोरं. एकाचा फोन आला. महिन्याला दोनशे पाठवायचा. नोकरी गेली होती, दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं. तो मला म्हणाला, "भाऊ, मला माफ करा. तुमच्या पोरांचं ताट माझ्यामुळं कमी झालं." मला बोलता येईना. त्या महिन्यात वसतिगृहाच्या पैशातले पाचशे मी त्याला पाठवले. हिशेबाच्या वहीत ते कोणत्या रकान्यात लिहावेत हे सुचलं नाही, म्हणून त्याच्या नावापुढंच लिहिले.

विल्यम केरीची गोष्ट मिशनरी लोकांत सगळ्यांना ठाऊक असते. २ ऑक्टोबर १७९२ ला इंग्लंडात केटरिंग इथं मूठभर पाळक जमले, अँड्र्यू फुलरच्या तपकिरीच्या डबीत वचनाच्या चिठ्ठ्या पडल्या, बेरीज झाली तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स. तुम्ही दोर धरलात तर मी या खाणीत उतरतो, असं काहीसं केरी म्हणाल्याचं सांगतात. तो पुढं बंगालातल्या श्रीरामपूरला राहिला, १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, १८१० साली मराठी कोश. फुलर इंग्लंडातच राहिला आणि १८१५ साली मरेपर्यंत दारोदार पैसे गोळा करत राहिला. आपण मराठी माणसं केरीला ओळखतो. त्या व्याकरणामागं फुलरचे झिजलेले जोडेही होते.

मला खाण ठाऊक नाही, विहीर ठाऊक आहे. उन्हाळ्यात गाळ काढायला आमचा चुलता विहिरीत उतरायचा आणि काठावर चार जण नाडा धरून उभे असायचे. खालून तो मधूनमधून ओरडायचा, "हाय ना रे?" वरून उत्तर यायचं, "हाय!" मी दर महिन्याला देणाऱ्यांना पत्र लिहितो ते मला त्या हाकेसारखं वाटतं. आलेल्या पाकिटात पन्नासची नोट असो की नुसती दोन ओळींची चिठ्ठी, मला तो "हाय" ऐकू येतो.

मिझोराममधल्या बायका १९१० पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीच्या कामासाठी बाजूला काढतात. बायकोनं हे एकदा मोहाखालच्या प्रार्थनेला सांगितलं. पुढं तिनं तो विषय काढला नाही. तीन महिन्यांनी चार घरच्या बायका गाठोडी घेऊन आल्या. कुटकी होती. मुठीमुठीनं साठवलेली, भरली साडेचार किलो. वसतिगृहाच्या कोठीत ठेवू, असं मी म्हणालो. त्यातली सर्वांत म्हातारी बाई मान हलवून म्हणाली, इथल्यासाठी नाही. ती अंडंवाली आजी, तिला पाठवा. अंड्याची गोष्ट मी दर वर्षी सांगतो. पण आजी आता अंथरुणाला खिळली आहे, हे त्यांना माझ्या बायकोनं सांगितलं होतं.

काल रात्री कंदिलाच्या उजेडात त्या चौघींनी कुटकी पुन्हा पाखडली, खडे वेचले. आजीला दात नाहीत, असं कुणीतरी म्हणालं, म्हणून दुसऱ्यांदा वेचली. मी पिशवीचं तोंड सुतळीनं शिवलं. सकाळची परतवाड्याची एस. टी. साडेसहाला आहे.