डावा बॅक

‘तिकडं कोण न्हाई. जा तू.’ माझी फुटबॉलमधली सगळी कारकीर्द या पाच शब्दांनी ठरली. बोलणारे गृहस्थ आमच्या तालमीच्या पोरांना शिकवायचे आणि त्यांना सगळी पेठ मामा म्हणायची. कोल्हापुरात पोरगं जन्मतंच फॉरवर्ड म्हणून. उरलेल्यांतला धिप्पाड असेल तो गोलकीपर, दांडगा असेल तो सेंटर बॅक, आणि ज्याचं काय करायचं ते कुणालाच कळत नाही तो डावा बॅक. मी हातानंही उजवा आणि पायानंही उजवा. ते मामांना सांगितलंसुद्धा. त्यावर ते म्हणाले, ‘डावा पाय हाय न्हवं?’

होता. तोवर त्याला काम पडलं नव्हतं, एवढंच.

त्याच वर्षी, 1998 साली, विश्वचषकाची अंतिम लढत पॅरिसलगतच्या सें-दनी गावात होती. आपल्याकडे रात्री साडेबारा वाजता. बाहेर पाऊस, आणि शेजारच्यांच्या सोप्यात टीव्हीपुढे पंचवीसेक माणसं. सगळी गल्ली ब्राझीलची. मी मात्र रोबेर्तो कार्लोसवर डोळे लावून बसलो होतो, कारण एव्हाना मला कळलं होतं की माझ्या जागेवर खेळणारा जगातला सर्वांत मोठा माणूस तो आहे. सत्ताविसाव्या मिनिटाला त्यानं कोपऱ्यापाशी चेंडूशी नको ती कसरत केली आणि फ्रान्सला फुकटचा कॉर्नर दिला. पेटीनं चेंडू टाकला, झिदाननं डोकं लावलं. फ्रान्स 3-0 जिंकला. पुढचे आठ दिवस गल्लीनं रोनाल्डोला शिव्या घातल्या. त्या कॉर्नरचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही काढलं. आपल्या माणसाचं कोण सांगणार?

आणि गंमत म्हणजे समोरच्या संघातही एक डावा बॅक होता. तीन नंबरचा शर्ट, जेमतेम एकशे एकोणसत्तर सेंटिमीटर उंची, बास्क किनाऱ्यावरचा बिक्सांत लिझाराझू. त्या रात्री त्यानं काय काय केलं हे मला अजिबात आठवत नाही. डाव्या बॅकची रात्र चांगली गेली की असंच होतं.

उजव्या पायाच्या माणसानं डावीकडे खेळणं म्हणजे काय, ते खेळल्याशिवाय कळत नाही. एका अंगाला रेघ. अर्धं मैदान तिथंच बंद. चेंडू आला की तो उजव्या पायावर घ्यायला एक टप्पा जास्त लागतो, आणि तेवढ्यात विंगर अंगावर आलेला असतो. आत वळावं तर गर्दी. बाहेरून मारावा तर डावा पाय पाहिजे. मी शाळेतून आल्यावर वाड्याच्या मागच्या भिंतीवर डाव्या पायानं चेंडू मारत बसायचो. रोज शंभर. पंचविसाव्यानंतर आजी आतून ओरडायची. तिच्या लेखी डावं ते सगळं अशुभच. डाव्या हातानं ताट वाढायचं नाही, डाव्या हातानं पैसे द्यायचे नाहीत. एखाद्याला बाजूला सारायचं झालं तरी आपण त्याला ‘डावलतो’. हे मला फार नंतर, मराठीच्या तासाला सुचलं आणि एकटाच हसलो.

एकोणिसाव्या वर्षी शाहू स्टेडियमवर गुडघा गेला. समोरचा आला, मी वळलो, पाय जमिनीत राहिला आणि मी फिरलो. डॉक्टर म्हणाले, खेळ विसरा. आई रडली. मामा घरी आले, पोहे खाल्ले, काही न बोलता गेले. मी चेहरा पाडून बसलो होतो खरा, पण आज कबूल करतो, आतून हायसं वाटलं होतं. आता कुणी मला डावीकडे उभं करणार नव्हतं. पुढे पुण्यात नोकरी, लग्न, हप्ते. फुटबॉल बघणंसुद्धा सुटलं.

ते परत सुरू झालं 24 फेब्रुवारी 2021च्या रात्री. झोप येत नव्हती म्हणून फोन उघडला. बेर्गामोत अतालांता विरुद्ध रेआल माद्रिद. अतालांताचा फ्रॉयलर सतराव्या मिनिटालाच लाल कार्ड घेऊन बाहेर गेलेला, कारण त्यानं माद्रिदच्या डाव्या बॅकला पाडलं होतं. पण माद्रिदला गोल काही जमेना. शहाऐंशीव्या मिनिटाला मॉड्रिचनं चेंडू दिला आणि त्याच डाव्या बॅकनं लांबूनच तो गोलात वळवला. उजव्या पायानं! मी अंथरुणात उठून बसलो.

त्याचं नाव फेर्लां मेंडी. आणि त्याला माद्रिदमध्ये आणणारा प्रशिक्षक होता झिदान, तोच, आमची गल्ली रडवणारा.

मग मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचत सुटलो. जन्म 1995चा, पॅरिसच्या पश्चिमेला सीन नदीकाठच्या मलांमधला. लहानपणीच पॅरिस सें-जर्मेंच्या अकादमीत. चौदा-पंधराव्या वर्षी खुब्याचा सांधा बिघडला. शस्त्रक्रिया, मग चाकांची खुर्ची. फुटबॉल संपला असं डॉक्टरांनी सांगितलं, पाय कापण्याचीही भाषा झाली, हे पुढे त्यानंच सांगितलंय. तो पुन्हा चालायला शिकला, खेळायला लागला, आणि 2012 साली अकादमीनं त्याला सोडलं. मग घराजवळच्या मांतचा छोटा क्लब. 2013 मध्ये ल हाव्र, समुद्रकाठचं बंदर, संघ दुसऱ्या श्रेणीतला, पण पोरं घडवण्यात नाव असलेला. चार वर्षांनी लिओंनं त्याला अंदाजे पन्नास लाख युरोंना घेतलं; आणखी दोन वर्षांनी माद्रिदनं जवळपास चार कोटी ऐंशी लाख मोजले. फ्रान्सचा शर्ट पहिल्यांदा मिळाला नोव्हेंबर 2018 मध्ये, उरुग्वेविरुद्ध, सें-दनीतच.

खुर्चीपाशी मी वाचायचा थांबलो होतो. त्याच्या खुब्यापुढे माझा गुडघा काहीच नव्हता. माझ्या डॉक्टरांनी ‘विसरा’ म्हटलं तेव्हा मी किती पटकन विसरलो होतो!

मेंडी सुंदर खेळतो असं मी म्हणणार नाही. त्याचे क्रॉस बेताचेच. पण त्याच्या पुढे विनिशियस धावतो, आणि विनिशियसला मागे वळून बघावं लागत नाही. 4 मे 2022 रोजी बर्नाबेउवर मँचेस्टर सिटी दोन गोलांनी पुढे होती, तीन मिनिटं उरलेली. ग्रीलिशचा फटका कोर्तुआला चकवून गेला आणि मेंडीनं तो गोलरेषेवरून बाहेर काढला. त्यानंतर रॉड्रिगोनं लागोपाठ दोन गोल केले, बेन्झेमानं पेनल्टी मारली, माद्रिद अंतिम फेरीत. लोक अजून रॉड्रिगोचे ते गोल बघतात. मी बघतो ती सत्त्याऐंशीव्या मिनिटाची झडप. ती हुडकावी लागते.

दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रं त्याच्या जागी नवा माणूस आणतात. स्नायू दुखावून तो बाहेर बसला की बातम्यांना जोर येतो. फ्रान्ससाठी तो मोजकेच सामने खेळला. 2022च्या विश्वचषकात नव्हताच. 2025 मध्ये माद्रिदनं खरोखरच कारेरास नावाचा नवा डावा बॅक आणला. बातमी वाचली तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये होतो. चहा निवला.

पण 28 मे 2022ची ती रात्र माझ्याकडे आहे. चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत, पुन्हा सें-दनी, तेच मैदान, आपल्याकडे तीच साडेबाराची वेळ. फाटकांवरच्या गोंधळामुळे सामना छत्तीस मिनिटं उशिरा सुरू झाला. घरात सगळे झोपलेले, मी आवाज बंद करून बसलेला. विनिशियसनं गोल केला, कोर्तुआनं लिव्हरपूलला तंगवलं, 1-0. मेंडी शेवटपर्यंत डावीकडे होता, त्याच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. पहाटे तीनच्या पुढे मी आमच्या जुन्या गोलकीपरला मेसेज टाकला. तो आता गंगावेशीत दुकान चालवतो आणि रात्रभर फुटबॉल बघतो. लिहिलं, ‘मेंडी काय खेळला!’

लगेच उत्तर आलं, ‘कोण मेंडी?’

मी खुबा, खुर्ची, मांत, ल हाव्र असं बरंच काही लिहिलं. ते खोडलं. मग लिहिलं, ‘डावा बॅक.’