अठ्ठ्याऐंशी किलोचं घर

भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या तालुक्यांत शेत आहे, पण राहायला घर उरलेलं नाही, अशी बरीच कुटुंबं आपल्या मंडळात आहेत. आमचं त्यांतलंच एक. भालकीपासून बारा-तेरा किलोमीटरवर आमचं साडेचार एकर काळं रान आहे. ते एका मामांकडे वाट्यानं आहे. मामा नात्यानं नव्हेत. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला मामाच म्हणतात. बंगळुरूहून रात्रभर प्रवास करून सकाळी पोचायचं, बांधावर बसून भाकरी खायची आणि दिवस मावळायच्या आत भालकीच्या लॉजवर परतायचं, असा आमचा वर्षानुवर्षांचा क्रम. शेवटी बाबाच म्हणाले, "विकून टाकू. पाठ टेकायला जागा नाही, तर ठेवून काय करायचं?"

गावातलं घर माळवदाचं होतं. दगडमातीच्या दोन-अडीच हात रुंद भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी चार वर्षांचा होतो. किल्लारी-सास्तूर भागात हजारो माणसं गेली, ती मुख्यतः अशाच जड भिंती आणि मातीच्या छपरांखाली सापडून. आमचं घर पडलं नाही, एका भिंतीला तडा तेवढा गेला. पण आजी पुन्हा कधी माळवदाखाली झोपली नाही. आजोबांनी रानात कडब्याची कोपी घातली आणि ती सगळी थंडी घरानं कोपीत काढली. पुढे आजी-आजोबा गेले, बाबांची नोकरी बाहेरगावी. माळवदावर दर पावसाळ्याआधी नवी माती टाकावी लागते, नाहीतर ते गळतं. ती कोण टाकणार? एका पावसाळ्यात छप्पर खाली बसलं.

शेतात पक्की खोली बांधायची, तर खर्च मोठा आणि लक्ष ठेवायला कुणी नाही. तेव्हा मी उलट्या बाजूनं विचार केला. घर जड असण्याची गरजच काय? अमेरिकेत 1930 च्या दशकापासून लोक गाडीमागे ओढायच्या छोट्या झोपगाड्या घरीच बांधत आलेत. थेंबाच्या आकाराच्या या गाड्यांत आत फक्त अंथरूण, आणि मागचं झाकण उघडलं की स्वयंपाकाचा ओटा. पण आपल्याकडे एक अडचण आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरसुद्धा मोटार वाहनातच मोजला जातो. म्हणजे कारमागे लावून रस्त्यावर न्यायचा, तर त्याची नोंदणी आली. मी त्या वाटेला गेलोच नाही. शेतात आणि गाववाटेनं बैलांनी ओढायची, लांब न्यायची झाली तर दांडी काढून चौघांनी उचलायची आणि पिकअपमध्ये ठेवायची, असं ठरवलं. त्यावरून दोन आकडे पक्के झाले : लांबी-रुंदी साडेसहा फूट बाय चार फूट आणि वजन 90 किलोच्या आत. चौघांत वाटलं, तर प्रत्येकाला सिमेंटच्या अर्ध्या पोत्याहूनही थोडं कमीच.

2024 ची दिवाळी झाल्यावर मी भालकीत दोन महिन्यांसाठी खोली घेतली. दिवसा लॅपटॉप, संध्याकाळी वेल्डिंगचं दुकान. वेल्डिंगवाले चाचा दखनीत बोलत. सुतारमामा हिशेब कन्नडात करत आणि रागवायचं झालं की मराठीत येत. सांगाड्याला चाचांनी जाड अँगल काढून ठेवला होता. मी एक इंची चौकोनी नळी मागितली, 1.6 मिलिमीटर जाडीची. ती मीटरला सव्वा किलोच्या आत बसते, आणि वीस मीटरमध्ये अख्खा सांगाडा होतो. चाचांना ते पटेना. "इसपे आदमी सोएंगे, चिड़ियाँ नहीं," असं म्हणाले. मग सांगाडा तयार झाल्यावर ते स्वतःच मधोमध उभे राहून दोनदा उड्या मारून बघितल्या आणि काही न बोलता रंग लावायला घेतला.

तळाला 9 मिलिमीटरचं प्लायवूड, बाजूंना दीड फूट उंचीपर्यंत 6 मिलिमीटरचं. त्यावर बांबूच्या कमानी आणि जाड सुती कापड. मागच्या बाजूला प्लायचं छोटं दार. चाकं जुन्या मोपेडची. ओल्या काळ्या रानात असली अरुंद चाकं रुतून बसतात, हे मला माहीत होतं. पण आपला मुक्काम दिवाळीनंतरचा. तोवर रान वाळून त्याला भेगा पडायला लागलेल्या असतात.

कापडाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ज्यांना असं काही करायचं असेल त्यांना इथेच मोह होतो. प्लास्टिकची ताडपत्री स्वस्त आणि निम्म्या वजनाची मिळते. पण आमच्या पठारावर डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 10-12 अंशांवर येतो, काही दिवस त्याच्याही खाली. दोन माणसं रात्रभर आत श्वास सोडतात, ती वाफ थंड प्लास्टिकला लागून पाणी होते आणि पहाटे अंगावर टपकते. सुती कापडातून वाफ बाहेर जाते. शिवाय वर एक आणि खाली एक अशी दोन झरोकी ठेवली, म्हणजे हवा खेळती राहते. थंडी मात्र वरून कमी आणि खालून जास्त लागते. तळाखाली मोकळी हवा असते ना! त्यावर मी थर्माकोलचे दर काढत होतो. सुतारमामा म्हणाले, "कडबा हाय की." ज्वारीच्या धाटात हवा कोंडलेली असते, आणि कोंडलेली हवाच ऊब धरते. चार बोटं कडबा, त्यावर दोन वाकळा. काम झालं. वसंतात तो कडबा बैलांनी खाऊन टाकला.

खरा धडा मिळाला तो आसाच्या जागेचा. चाकं नेमकी मध्ये ठेवायची, की मागे? परदेशातल्या ट्रेलरबांधणीत सांगतात की एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडावर यावा. भार मागे गेला, की ट्रेलर रस्त्यावर हेलकावे खातो. मी हे सुतारमामांना समजावून सांगायला लागलो, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं. "गाडी उलार झाली तर जू वर उचलून बैलाच्या गळ्याला लागतं. धुरजड झाली तर मान दबते. दोन्ही नको." टक्के त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी दांडीचं टोक तळहातावर तोललं आणि आस चार बोटं मागे घ्यायला सांगितला. मग मी दांडीच्या टोकाला काटा अडकवून पाहिला. अकरा किलो. साडेबारा टक्के.

पूर्ण वजन केलं ते अडत दुकानाच्या काट्यावर. तुरीची आवक नुकतीच सुरू झाली होती, पोत्यांच्या रांगेत आमची गाडी. काटा 88 वर थांबला. एकूण खर्च मजुरीसकट सत्तावीस हजार. मामा बैलजोडी घेऊन आले होते. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "बैलाला कळायचंबी न्हाई मागं काय हाय ते."

पहिला मुक्काम येळवशीचा. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी सांगतो : मार्गशीर्षातली अमावास्या म्हणजे वेळा अमावास्या, आमची येळवस. लातूर-धाराशिव आणि बिदर-कलबुर्गी या सगळ्या पट्ट्यात ती साजरी होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी जुना बिदर जिल्हा वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. पण येळवशीला रेष मान्य नाही. त्या दिवशी दोन्हीकडची गावं ओस पडतात आणि रानं भरतात. शेतात कडब्याची कोपी घालून पांडवांची पूजा होते. आंबील, भज्जी, उंडे, गव्हाची खीर. ओळखीचा असो-नसो, वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवतात.

30 डिसेंबरला कोपीशेजारी आमची गाडी उभी होती. येणारा प्रत्येक जण आधी पांडवांना नमस्कार करी आणि मग गाडीत डोकावे. संध्याकाळी सगळे गावात परतले आणि आम्ही तिघं मागे राहिलो. आई-बाबा गाडीत, मी बाहेर कोपीत. त्या रानात आमच्या घरचं कुणी रात्री झोपल्याला बरीच वर्षं झाली होती. रात्री उशिरापर्यंत आतून बाबांचा आवाज येत होता. विहिरीवर पूर्वी मोट कुठे होती, कुठल्या बांधावरून वाद झाला होता, असलं काहीबाही आईला सांगत होते. आईला ते सगळं पाठ आहे, तरी ती हुंकार भरत होती.

संक्रांतीनंतर आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा शेजारच्या रानात ऊसतोडीची टोळी उतरलेली होती. बांबूच्या कामट्या वाकवून त्यांवर पाचट आणि ताडपत्री टाकलेल्या सात-आठ कोप्या, समोर तीन दगडांच्या चुली, बाजूला टायरच्या बैलगाड्या. दिवाळीच्या सुमाराला गाव सोडायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतायचं. तेवढे महिने पीठ, भांडी, अंथरूण, कोंबड्या आणि लेकरं, सगळं एका गाडीत. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि उचल आधीच घेतलेली असते. ती फिटेपर्यंत सुटका नाही.

एका संध्याकाळी त्यातल्या एक ताई पाणी न्यायला आमच्या विहिरीवर आल्या. गाडी त्यांनी चहूबाजूंनी नीट पाहिली.

"दार हिकडं कशाला केलंव? वारं उगवतीचं हाय. मावळतीकडं फिरवा."

खरंच होतं. आम्ही गाडी तिथल्या तिथे फिरवली, आणि पहाटेचा गारठा निम्मा झाला.

"किती दिस ऱ्हातेव ह्यात?" त्यांनी विचारलं.

"दोन रात्री, ताई."

त्या हसल्या. मग दाराशी वाकून म्हणाल्या, "आतून कडी हाय का?"

होती. तीस रुपयांची साधी कडी. त्यांनी ती दोनदा लावून, काढून बघितली. "कोपीला आमच्या लुगड्याचा पडदा," म्हणाल्या आणि घागर उचलून गेल्या. त्या पहाटे चार वाजता उठून उसात जात, हे आम्ही रोज आवाजावरून ओळखत होतो. कोपीत तान्हं मूल होतं, ते वाढ्यांच्या ढिगाआड झोळीत असायचं. मी दोन महिने वजन कमी कसं ठेवायचं याचा हिशेब केला. त्या कुटुंबाचं अख्खं बिऱ्हाड हलकं होतं, पण ते कुणी हिशेब करून हलकं केलेलं नव्हतं.

फेब्रुवारीत गाडी पिकअपमध्ये चढवून आम्ही दक्षिणेकडे निघालो. हुमनाबादजवळ माणिकनगरला माणिकप्रभूंची समाधी आहे. तिथून जवळच जलसंगीचं कल्याणी चालुक्यांच्या काळातलं देऊळ. त्याच्या भिंतीवर शिलालेख कोरणारी एक स्त्री आहे. ती पाहायला तेवढ्यासाठीही जावं. कलबुर्गीकडे उतरताना बिदरची तांबडी जांभ्याची माती संपते आणि काळं रान सुरू होतं. तिथल्या तुरीच्या डाळीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आम्ही गेलो तेव्हा तूर निघालेली होती आणि शाळू हुरड्याच्या पुढे गेला होता. शेवटचा मुक्काम गाणगापूरजवळ एका ओळखीच्यांच्या मळ्यात केला. पहाटे भीमा-अमरजेच्या संगमावर मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारी माणसं एकाच पाण्यात उतरत होती. ज्या गुरुचरित्रामुळे मराठी घरांत गाणगापूर पोचलं, त्याचे कर्ते सरस्वती गंगाधर यांची घरची भाषा कन्नड होती, हे तिथे उभं राहिलं की वेगळं सांगावं लागत नाही.

परत येऊन मी बंगळुरूला आलो आणि बाबा एकटेच रानात राहिले. ज्वारीची काढणी होईपर्यंत, नऊ रात्री. मामांच्या घरून दोन वेळची भाकरी येत होती. शेत ठेवायचं की विकायचं, हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही. पण पूर्वी बाबा फोनवर भाव विचारायचे, आता विहिरीतला गाळ काढायला किती पडतील, ते विचारतात.

ज्यांना गाडीची मापं हवी असतील, त्यांनी मंडळाच्या पुढच्या बैठकीत वही घेऊन यावं. दोन सूचना आत्ताच देऊन ठेवतो. दार मावळतीकडे ठेवा. आणि कडी आतून लावा. आमच्याकडे दुसरी गाडी बांधायचं काम यंदा दिवाळीनंतर सुरू होईल. चाचांनी नळी एक इंचाचीच आणून ठेवली आहे, आणि येळवशीला ज्यांना शेतावर यायचं असेल, त्यांच्यासाठी आंबील ठेवलेलीच असेल.