पावसाळी वेळापत्रक

आमच्या शाळेतले विज्ञानाचे शिक्षक यंदा ऐन प्रदर्शनाच्या तोंडावर काविळीने अंथरुणाला खिळले आणि मुख्याध्यापकांनी ते काम माझ्या गळ्यात घातले. वास्तविक मी मराठी शिकवतो, आणि माणसे अपुरी पडतात म्हणून खालच्या वर्गांना गणित. पण "तुम्ही कादंबऱ्या लिहिता, तेव्हा तुमच्यापाशी वेळ असतोच," असे मुख्याध्यापक म्हणाले. कादंबरीकारापाशी वेळ असतो ही समजूत आमच्या घरीही पक्की आहे. दळण आणणे, विजेचे बिल भरणे आणि नारळ पाडणाऱ्या गड्याच्या मागे लागणे ही खाती तिच्याच जोरावर माझ्याकडे आली आहेत.

प्रदर्शनाचा विषय होता 'वाहतुकीतील नवे संशोधन'. मी विषय सांगितला मात्र, वर्गातून भराभर आगगाड्या सुटू लागल्या. कोणाला ताशी तीनशे किलोमीटर धावणारी गाडी करायची होती, कोणाला चुंबकावर तरंगणारी, तर एकाला चक्क आकाशातून लोंबकळत जाणारी. या शेवटच्या गाडीला हसण्याचे कारण नाही. कोकण रेल्वेच्याच अभियंत्यांनी 2004 साली मडगावला उंच खांबांवरच्या रुळांना टांगलेला डबा चालवून पाहिला होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात चाचणी चालू असताना अपघात झाला, एक कर्मचारी प्राणाला मुकला आणि पुढे तो बेत बारगळला. मी मुलाला एवढे सगळे सांगितले नाही. बारा वर्षांच्या मुलाची गाडी लोंबकळते आहे तोवर लोंबकळू द्यावी.

सर्वांत शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "गुरुजी, मी पाऊस मोजायचा डबा करणार."

वर्ग हसला. खरे सांगायचे तर मलाही हसू आले. "अगं, विषय वाहतुकीचा आहे, शेतीचा नव्हे."

"पण आमचे बाबा म्हणतात, आधी पाऊस बघायचा आणि मग गाडी पळवायची."

तिचे बाबा रेल्वेत गस्तीच्या कामावर आहेत. वीसएक वर्षांपूर्वी ते त्याच बाकावर बसत आणि माझ्या काळ-काम-वेगाच्या गणितांशी त्यांचे उभे वैर होते. एकदा मी घातले होते : दोन गावांमधले अंतर 240 किलोमीटर आहे; एक गाडी ताशी 60 किलोमीटर वेगाने निघाली, तर ती किती वेळात पोचेल? साऱ्या वर्गाने चार तास लिहिले. या पठ्ठ्याने लिहिले, 'सांगता येत नाही.' मी लाल शाईने शून्य दिले, आणि ते चांगले गोल काढले.

गणितातल्या गाड्या फार सुखी असतात. त्यांच्या वाटेत बोगदा नसतो, म्हैस नसते, डोंगर घसरत नाही, आणि त्यांच्या मुलखात बारा महिने उन्हाळाच असतो. आमच्याकडच्या गाडीला मात्र वेळापत्रके दोन. एक कोरडे आणि एक ओले. पावसाळी वेळापत्रक कितीतरी वर्षे 10 जूनला लागत असे आणि 31 ऑक्टोबरला उतरत असे. 2025 साली ते 15 जून ते 20 ऑक्टोबर असे आखडले, म्हणजे ऐन दिवाळीत संपले. या दिवसांत गाड्यांचा वेग बेताचा ठेवतात. आणि पावसाने समोरचे दिसेनासे झाले की चालकाने ताशी 40 किलोमीटरच्या वर जायचे नाही, अशी सूचना असते.

या पावसाळी वेळापत्रकाचा मी बरीच वर्षे मनापासून द्वेष केला आहे.

2013 सालच्या जुलैची गोष्ट. माझी पहिली कादंबरी छापखान्यात होती आणि तिची मुद्रिते तपासण्यासाठी मी मुंबईस गेलो होतो. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला. आप्पांना धाप लागते आहे, म्हणाली. धाप त्यांना दर पावसाळ्यात लागे. मी म्हणालो, "उद्या निघतो." शेवटची दोन प्रकरणे तेवढी राहिली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजाऱ्यांचा फोन आला, की आप्पांना त्यांच्या जीपमधून रत्नागिरीस नेत आहोत. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात सुरू झाली ती 2014 साली. तोवर आमच्याकडे आजाऱ्याचे वाहन म्हणजे ज्याच्या दारात जे उभे असेल ते.

मी रात्रीची गाडी पकडली. वीर मागे पडले आणि पावसाने धार धरली. गाडी सरपटू लागली. तेव्हा या मार्गावर डिझेलची इंजिने होती. बोगदा आला की खिडक्या धडाधड लावून घ्यायच्या, तरी धूर फटींतून आत शिरे आणि डबाभर माणसे खोकत बसत. विजेच्या तारा संपूर्ण मार्गावर पोचल्या त्या 2022 साली. त्या रात्री त्या धुरात माझा जीव कासावीस झाला, की दुसऱ्या कोणाच्या श्वासाची आठवण येऊन झाला, ते मला आजही नीट उमगलेले नाही. खेडच्या अलीकडे, कुठल्याशा डोंगराच्या कुशीत गाडी थांबली. बाहेर मिट्ट काळोख. कोणी म्हणे सिग्नल नाही, कोणी म्हणे पुढे माती आली आहे. तासभर झाला, दोन तास झाले. समोरच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईने घावन-चटणीची पुरचुंडी सोडली आणि मला अर्धे घावन देऊ केले. मी ते घेतले नाही. वर काहीतरी तिरसट बोललो.

मी रुग्णालयात पोचलो तेव्हा आप्पांना जाऊन दोन तास झाले होते. आई व्हरांड्यात बाकावर बसली होती. मला पाहून एवढेच म्हणाली, "आलास ना? बस." आणि पिशवी उचलून तिने माझ्यासाठी जागा केली.

पुढे मी हिशेब किती वेळा केला असेल! 240 किलोमीटरला 60 ने भागले तर चार, 40 ने भागले तर सहा. दोन तास. गणित कसे चोख जुळत होते. आदल्या दिवशी निघालो असतो तर भागाकार करण्याची वेळच आली नसती. पण ते मनात आणले की कादंबरीला तोंड दाखवणे कठीण होई. म्हणून मी सारा दोष वेळापत्रकावर टाकला आणि मोकळा झालो.

यंदा प्रदर्शनाच्या निमित्ताने वाचायला बसलो तेव्हा त्या ताशी 40 किलोमीटरचा उगम सापडला. कोकण रेल्वे 1998 साली पुरी झाली. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत 741 किलोमीटर. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, पानवल नदीवरचा 64 मीटर उंचीचा पूल. तेव्हा आम्हा सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता, मुंबईस किती तासांत पोचणार? सह्याद्रीला कोणी काही विचारले नव्हते. 22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीचे दगड रुळांवर आले, सुटीतली जादा गाडी त्यांवर आदळली आणि पन्नासच्या आसपास माणसे गेली. वर्ष पुरे होते न होते तोच, 16 जून 2004 ला, महाडजवळ करंजाडीला मत्स्यगंधा एक्सप्रेस तशाच दगडांवर आदळून घसरली आणि पुन्हा माणसे गेली.

त्यानंतर प्रश्नच बदलले. गाडी किती पळेल हे विचारायचे आधी, डोंगर किती भिजला आहे हे विचारू लागले. माणगावपासून उडुपीपर्यंत निरनिराळ्या स्थानकांवर आपोआप पाऊस नोंदवणारी यंत्रे बसली. पानवलच्या पुलावर, मांडवी, जुवारी आणि शरावतीच्या पुलांवर वारा मोजणारी चक्रे फिरू लागली. वारा मर्यादेबाहेर गेला की गाडी अलीकडेच थोपवायची. सावित्री आणि वाशिष्ठीच्या पुलांवर पाणी चढल्याची वर्दी देणारी योजना झाली. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडाले, तेव्हा याच वाशिष्ठीमुळे गाड्या जागच्या जागी थांबवल्या होत्या आणि हजारो प्रवासी वाटेत अडकले होते. कड्यांना जाळ्या लावल्या, उतार तासून सौम्य केले. रत्नागिरीला आणि गोव्यात वेर्ण्याला शस्त्रक्रियेची सोय असलेली, स्वतःच्या बळावर धावणारी वैद्यकीय गाडी सज्ज ठेवतात, हे तर मला ठाऊकच नव्हते. दर पावसाळ्यात शेकडो माणसे रुळांवरून चालत गस्त घालतात. एवढी यंत्रे झाली तरी डोंगर कुठे फुगला आहे, झरा कुठे नवा फुटला आहे, हे शेवटी पायी जाऊन बघावेच लागते. 2024 च्या जुलैत खेडच्या बाजूला पुन्हा दरड आली आणि मार्ग जवळजवळ दिवसभर बंद राहिला.

एका रविवारी मुलीचा डबा तपासायला तिचा बाप आमच्या घरी आला. डबा म्हणजे बाटलीचे वरचे तोंड कापून उलटे बसवलेले, आणि कडेला माझी जुनी फूटपट्टी चिकटवलेली. चाचणीसाठी तो अंगणात ठेवला होता. (प्रदर्शनात पहिला नंबर लोंबकळत्या गाडीला मिळाला, हे जाता जाता सांगून टाकतो.)

हिने चहा ठेवला. मी त्याला विचारले, "रात्री बरोबर काय काय असते रे तुझ्या?"

"बॅटरी, लाल-हिरवा दिवा, काठी, बोलायचा वायरलेस. आणि फटाके."

"फटाके?"

"रुळावर लावायचे, गुरुजी. पुढे दरड दिसली की मागे धावत जाऊन लावायचे. इंजिन वर आलं की वाजतात. मग डायवर गाडी उभी करतो." तो हसला. "आमची दिवाळी आषाढात."

साधारण किलोमीटर-किलोमीटरवर फोन जोडायची जागा असते, तिथून स्टेशन मास्तरला कळवता येते, असेही त्याने सांगितले. पण दरडीपासून त्या जागेपर्यंत काळोखात धावावेच लागते. मग मी, कित्येक दिवस मनात होते ते, विचारले. "2013 च्या जुलैत तू कुठे होतास?"

"त्याच पट्ट्यात असणार. खेड, दिवाणखवटी."

मी त्याला त्या रात्रीची तारीख सांगितली. गाडी सांगितली. आप्पांचे त्याला ठाऊकच होते. तेव्हा तो भेटायला येऊन गेला होता. त्याने पुष्कळ वेळ विचार केला. कपाळाला आठ्या घालून गणितापुढे बसे, अगदी तसाच बसला होता.

"नाही आठवत, गुरुजी," तो शेवटी म्हणाला. "गाड्या लई वेळा थांबवल्यात. कधी माती असते, कधी नुसतं झाड. एकदा तर काहीच नव्हतं. नुसता आवाज आला म्हणून दिवा दाखवला, वरच्यांची बोलणी खाल्ली. त्या रात्री माती होती का नव्हती, मी नाही सांगू शकत."

मला वाटते, त्याने 'होय, मीच थांबवली, नाहीतर मोठा घात होता' असे म्हणावे अशी माझी इच्छा होती. मला ते फार सोयीचे झाले असते. त्याने तसे म्हटले नाही. मी त्याला त्या शून्याची आठवण दिली. त्याला तेही आठवत नव्हते.

एवढ्यात मुलगी अंगणातून ओरडली, "बाबा, सरीत भरला बघा!" तो उठून पागोळ्यांखालून बाहेर गेला, वाकून फूटपट्टीवरचा आकडा त्याने पाहिला, मग डोंगराकडे पाहिले. आत येऊन त्याने खुंटीवरचा रेनकोट काढला.

"अरे, चहा तरी घे," ही म्हणाली.

"पन्नासच्या वर गेलाय, वहिनी. आज लवकर बोलावतील." उभ्या उभ्याच बशीत ओतून त्याने चहाचे दोन घोट घेतले. "डबा जरा कौलापासून लांब ठेवा, गुरुजी. पागोळीचं पाणी पडलं तर आकडा खोटा येतो."