काकांनी दिलेले बाबा

माझे बाबा गेले तेव्हा मी मँचेस्टरला स्थापत्य अभियांत्रिकी शिकत होते. १९८०च्या दशकाचा मध्य होता तो. शिष्यवृत्तीच्या पैशांत महिना कसाबसा निघायचा. विमानाचं तिकीट काढायची सोय नव्हती. आईनेच फोनवर सांगितलं, "येऊ नकोस, सगळं उरकलं आहे." त्या रात्री रेक्सहॅमहून गाडी हाकत एक गृहस्थ माझ्या वसतिगृहावर आले. ते बाबांचे संगमनेरचे शाळासोबती. साठच्या दशकात डॉक्टर होऊन विलायतेत आले आणि तिथेच राहिले. मी त्यांना तोवर दोनदा-तीनदाच भेटले होते. ते काही न बोलता खुर्चीवर बसून राहिले आणि उजाडल्यावर मला घरी घेऊन गेले. माझ्यावरचं डॉक्टरकाकांचं ऋण तिथून सुरू होतं. पण ज्या ऋणाबद्दल मला लिहायचं आहे, ते त्या उन्हाळ्यातलं आहे.

काकांची एक नॅरोबोट होती, दोन मित्रांबरोबर भागीत घेतलेली. रुंदी सात फुटांहून किंचित कमी आणि लांबी अख्ख्या आगगाडीच्या डब्याएवढी. इंग्लंडातले बरेच जुने कालवे अरुंद, त्यांची लॉक, म्हणजे बोट वर-खाली नेणारे दरवाज्यांचे हौद, अरुंद, म्हणून बोटही अशी. पूर्वी घोडे काठाने चालत या बोटी ओढायचे; त्या घोड्यांची वाट, टोपाथ, आजही कालव्याच्या कडेने सोबत करते. जुलैत काका म्हणाले, "आठ दिवस लँगोलेनच्या कालव्यावर चल." मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायचं बळ नव्हतं.

हा कालवा हर्ल्स्टनपाशी मुख्य कालव्यातून फुटतो आणि चाळीसहून अधिक मैलांवर वेल्समध्ये लँगोलेनला पोचतो. आम्ही रेन्बरी गावापासून निघालो. तिथे लाकडी पूल हाताने उचलून बोट पलीकडे काढावी लागते. पुढे ग्रिंडली ब्रूकची सहा लॉक. त्यांतली वरची तीन एकाला एक जोडलेली आहेत, खालच्याचा वरचा दरवाजा म्हणजेच वरच्याचा खालचा. पाणी सोडण्याचा क्रम तिथे चुकवून चालत नाही. लॉकवरच्या वयस्क माणसाने माझ्या हातात विंडलास, झडपा उघडायचा लोखंडी दांडा, दिला आणि झडप कधी किती उघडायची हे शांतपणे दाखवलं. झडप वर गेली, पाणी घुसळत आत आलं आणि कित्येक टनांची बोट माझ्या डोळ्यांदेखत उचलली गेली. बाबा गेल्यानंतर त्या क्षणी पहिल्यांदा मला कशाचं तरी कुतूहल वाटलं.

काका घरी अबोल. जेवणाच्या टेबलावर "वाढ गं" यापलीकडे शब्द नाही. पण बोटीच्या मागच्या टोकाला सुकाणूचा दांडा काखेत धरून उभे राहिले की ते बोलत. नजर समोर, पुढच्या वळणाकडे. मी शेजारी उभी. कालव्यावर ताशी चार मैलांच्या वर जायचं नाही, नाहीतर लाटा काठ खातात. ही बोट तर तीनच मैलांनी जायची, कारण या कालव्याला ओढ आहे आणि आम्ही ओढीच्या उलट्या दिशेने चाललो होतो. बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाहावं लागत नव्हतं, आणि रडू आलं तर मला लपवावं लागत नव्हतं.

ते बाबांबद्दल बोलत होते. मी ओळखत होते ते बाबा म्हणजे पाटबंधारे खात्यातले कालवा निरीक्षक. प्रवरेच्या डाव्या कालव्यावर सायकलने फिरणारे, आवर्तन सुटलं की रात्र रात्र घरी न येणारे, घरात कमी आणि कडक बोलणारे. काकांनी मला दुसराच माणूस दाखवला. रात्रीच्या पाणीपाळीला कंदील घेऊन वडिलांबरोबर शेतावर जाणारा, भुताला भिऊन मोठ्याने पाढे म्हणणारा मुलगा. पाटात पोहताना काकांना बुडता बुडता शेंडीला धरून ओढणारा. "तुझा बाप पाटात वाळकं पान टाकायचा आणि काठाने चालत आकडे मोजायचा," काका म्हणाले. "पान किती वेळात कुठे पोचलं, त्यावरून पाणी किती वेगाने चाललं ते सांगायचा. सहावीत होतो आम्ही. त्याला कोणी शिकवलं नव्हतं." मी तेव्हा द्रवगतिकीचे मोठमोठे ग्रंथ वाचत होते. त्यांतलं प्रवाह मोजण्याचं पहिलं प्रकरण माझ्या बाबांनी पाटाच्या काठावर स्वतःच शोधून काढलं होतं.

व्हिक्सॉलच्या दलदलीतून कालवा जातो तिथे आम्ही मुक्काम केला. पायाखाली पीटची मऊ माती, कालव्याचे काठ सतत खचायचे. कालवा झाल्यापासून १९६०च्या दशकापर्यंत तिथे मजुरांची एक टोळी कायम नेमलेली होती. काठावर माती टाकून तो उंच राखणं हेच तिचं काम. बापाने टाकलेली माती खचली की मुलाने टाकायची. काका ते सांगत होते आणि मला आमच्या पाटावरचे पाटकरी आठवत होते, खांद्यावर फावडं टाकून चारीचारीने फिरणारे. त्यांची नावं कुठल्याही कोनशिलेवर नाहीत. बोटीत बसून चहा पिणाऱ्या प्रत्येकावर अशा माणसांचं देणं आहे, असं मला मनापासून वाटतं.

आणि हा कालवा आज आहे तोही पाण्यामुळेच. १९४४ साली रेल्वे कंपनीने कायदा करून घेऊन आपले कित्येक तोट्यातले कालवे सोडून दिले, त्यात हाही होता. इतर बुजले, कोरडे पडले. हा टिकला, कारण डी नदीचं पाणी तो खालच्या भागाला पोचवत होता. पुढे चेशायरच्या गावांना पिण्याचं पाणी यातूनच जाऊ लागलं. ती ओढ त्याच पाण्याची. त्याच १९४४ साली एल. टी. सी. रोल्ट यांचं 'नॅरो बोट' हे पुस्तक निघालं आणि १९४६ साली कालवे वाचवण्यासाठी माणसं संघटित झाली. "तुझ्या बापाचा पाट आणि हा, दोघं एकाच जातीचे," काका म्हणाले.

काकांनी जे सांगितलं नाही, ते बोटीवर सोबत आलेल्या काकूंनी सांगितलं. एल्समीअरला, हिमयुगाने मागे ठेवलेल्या तळ्यांच्या गावात, बोट बांधली होती. काका दूध आणायला गेले होते. काकू छोट्या शेगडीवर पिठलं ढवळत म्हणाल्या, "पुण्याला मेडिकलला यांची मेस वर्षभर कोणी भरली, ठाऊक आहे? तुझ्या बाबांनी. स्वतःचं शिक्षण सोडून नोकरीला लागले होते, पहिल्या पगारापासून मनिऑर्डर. पुढे हे परत करायला गेले तर घेतलेच नाहीत." आमच्या घरी हे कोणालाच माहीत नव्हतं. आईलासुद्धा. मी काकांना काही विचारलं नाही. पिठलं मात्र खाली लागलं आणि काकूंनी ते तसंच वाढलं.

त्यानंतर चर्क. १८०१ साली बांधलेला दगडी जलसेतू कीरिऑगच्या दरीवरून जातो, अलीकडे इंग्लंड, पलीकडे वेल्स, आणि लगेच अंधाऱ्या बोगद्याचं तोंड. मग पॉन्तकसुल्ते. टॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांचा हा जलसेतू १८०५ साली खुला झाला. अठरा दगडी खांब, तीनशे सात मीटर लांबीची बिडाची पन्हळ, खाली अडतीस मीटरवर डी नदी. एका बाजूला टोपाथ आणि कठडा. दुसऱ्या बाजूला पन्हळीची कड, आणि पुढे काही नाही. काकांनी सुकाणू माझ्याकडे दिलं आणि स्वतः पुढे जाऊन बसले. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. डावीकडे जायचं तर दांडा उजवीकडे ढकलायचा, हे तोवर हातांना कळलं होतं. अभियंता म्हणून मी नंतर पुष्कळ बांधकामं पाहिली. पण इतक्या कमी लोखंडात इतकं पाणी इतक्या उंचावर दोन शतकं वाहत राहिलं आहे, हे आठवलं की आजही ऊर भरून येतो. २००९ साली तो आणि त्याच्या आजूबाजूचा अकरा मैलांचा कालवा जागतिक वारसा ठरला, तेव्हा मी नाशिकला कार्यालयात होते. काकांचा फोन आला.

ट्रेव्हरच्या पुढे कालवा खडक फोडून नेलेला, इतका अरुंद की समोरून बोट येत नाही ना हे पाहायला एकाने काठाने पुढे चालत जावं लागतं. हा भाग मुळात वरून पाणी आणण्यासाठी खोदला होता. लँगोलेनला बोट ठेवून आम्ही तिघं चालत कालव्याच्या उगमापर्यंत गेलो. तिथे टेलफर्डने १८०८ साली बांधलेला अर्धचंद्राकार बंधारा आहे, आणि त्याच्या एका कडेने नदीचं पाणी मुकाट्याने कालव्यात शिरतं. ओझरच्या बंधाऱ्यावर बाबांनी मला लहानपणी नेलं होतं. प्रवरेचं पाणी कालव्यांत कसं वळतं ते दाखवायला. काकांना तेही ठाऊक होतं. बाबांनी पत्रात लिहिलं होतं: पोरगी दोन तास हलली नाही, हिला इंजिनियर करणार. ते पत्र काकांनी जपून ठेवलं होतं. रेक्सहॅमला परतल्यावर त्यांनी ते मला दिलं.

मी शिक्षण पुरं केलं, परत आले, पाण्याच्याच खात्यात आयुष्य काढलं. काका जाऊन आता काही वर्षं झाली. बोट भागीदारांनी विकली. काकूंनी ऐंशी ओलांडली आहे, पण आवाज खणखणीत. येत्या जुलैत मी लेकीला घेऊन जाते आहे. एल्समीअरहून बोट भाड्याने घ्यायची, लँगोलेनपर्यंत. काकू येणार आहेत. लेकीला आजोबांबद्दल जे मला सांगता येत नाही, ते त्या सांगतील. फोनवर त्यांनी दोनच गोष्टी बजावल्या: बाजरीचं पीठ ताजं दळून आण, आणि ते पत्र विसरू नकोस.